नाव घ्यायचं काम

रताळी काढून झाली की कल्लाप्पा होनगेकराचं शेत
दीड महिना आमचं.
बेस म्हणजे माती भरलेली सिमेंटची पोती,
होमप्लेट म्हणजे तेलाच्या डब्याचं ठोकून सपाट केलेलं झाकण.
पहिल्या वर्षी शट्टूनं ढेकळांतलं एक राहून गेलेलं रताळंच फेकलं,
भैरूनं ते मारलं,
आणि आम्हां सगळ्यांच्या अंगावर चिकट पांढरे शिंतोडे.

तेव्हा कुणी मोजत नव्हतं.
सतरा आले तर सतरा खेळायचे.
आउट कुणी मराठीत मोजायचं, कुणी कन्नडात :
एक, एरडु, तीन, आणि चला, बाजू बदला.
ग्लोव्ह तीन, तिन्ही डाव्या हाताचे.
डावखुरा ईराप्पा तो उजव्या हातात उलटा कोंबायचा,
तरी चेंडू त्याच्याकडंच जायचा,
संध्याकाळी म्हैस गोठ्याकडं वळावी तसा.

मग दड्डीकर सरांनी फळ्यावर यादी लावली.
वय चौदाच्या आत. दाखल्याची झेरॉक्स आणणे.
बारा नावं.
शट्टूनं ती खालपर्यंत वाचली,
सरांची सही पण वाचली,
आणि विचारलं, वही कोण लिहिणार तुमची?
सर खिसे चाचपत राहिले,
मग त्यांनी त्याला पेन्सिल दिली.

पांढऱ्या पँटी आल्या, एका आठवड्यात तांबड्या झाल्या.
चल खेळूया, असं आता कुणी म्हणेना.
प्रॅक्टिस कितीला, एवढंच.
भैरूची आई म्हणायची, खेळाय जातोस की कामावर?

मी कॅचर.
नऊ जणांत एकट्याचं तोंड उलटीकडं.
बाकीचे बॅटकडं बघतात, मला त्या सगळ्यांचे चेहरे दिसतात.
म्हणून सर सांगायचे,
उंच चेंडू दोघांच्या मध्ये आला तर नाव तू घ्यायचंस.
मोठ्यानं. एकच नाव.

बेळगावात, कॅम्पातल्या मैदानावर, शेवटचा डाव.
एका रनानं आम्ही पुढं, दोन आउट,
सेकंडवर एक, थर्डवर एक.
चेंडू वर गेला, एवढा वर
की घारीनं वाट बदलली.

"माझा!" भैरू मागं पळत.
"नंदु!" ईराप्पा पुढं पळत.

अर्थ एकच.
एकमेकांची भाषा येत नसती तर धडकले असते,
एकाच्या तरी हातात राहिला असता.
येत होती.
म्हणून दोघंही थांबले,
घे तू, अशा तोंडानं.

चेंडू मध्ये पडला.
धूळ उडाली ती वाटीभर.
दोघं जण माझ्या समोरून घरी आले,
दुसरा तर चालतच.

मास्कच्या आत माझं तोंड उघडंच होतं.
ईराप्पा जवळ होता, मला दिसत होतं.
भैरू माझ्या बाकावरचा.
तेवढ्यात झालं सगळं.

टेम्पोत कुणी बोलेना.
हिंडलग्याच्या पुढं सरांनी विचारलं,
शट्टू, चूक कुणाच्या नावावर लिहिलीस?
त्यानं वही दिव्याखाली धरली.
कुणाच्याच नाही सर. हातच कुणी लावला नाही.
हिट लिहिलंय.
वाटल्यास खोडतो.
सर म्हणाले, राहू दे.

तो माझ्याकडं बघत नव्हता,
पेन्सिलीचं टोक नखानं साफ करत होता.
वहीत माझ्यासाठी रकाना नव्हता.

ईराप्पा भैरूच्या खांद्यावर झोपला होता,
उलटा ग्लोव्ह अजून हातात.
उचगावचा फाटा आला तेव्हा
मी टेम्पोच्या आवाजाच्या वर ओरडलो :
ईराप्पा!

तो दचकून उठला, हात वर.
एनो?

काही नाही, म्हटलं.
झोप.