फिट

सोहारला येण्याआधी मुंबईत तपासणी झाली होती,
छाती, रक्त, डोळे, लघवी.
कागदावर निळा शिक्का: फिट.
आता बीरान माझ्याबद्दल फोनवर कुणाला तरी सांगतो,
भाऊ को कल फिट आया.
तोच शब्द.
एका अक्षराचाही फरक नाही.

पडलो ते आठवत नाही.
परांचीवर उभा होतो, क्लॅम्प आवळत होतो,
मग एकदम छत. हॉस्पिटलचं, पांढरं.
मधले अकरा दिवस टेकबहादूरकडे आहेत.
त्याने ते थोडे थोडे करून दिले,
उसने पैसे फेडावे तसे.

टाक्यांवर केस परत उगवले.
नाक मात्र गेलं.
म्हणजे नाक जागच्या जागी आहे, वास गेला:
बीरानच्या मत्तीचा, संडासाचा, माझ्याच घामाचा.
खोलीत आम्ही आठजण.
एक म्हणाला, नशीबवान आहेस.

चार महिन्यांनी पहिली आकडी आली.
कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल.
शुद्धीवर आलो तेव्हा दोन्ही उशाशी होतं
आणि चावलेल्या जिभेनेही मला हसू आलं.
अरे, ज्याला वासच नाही
त्याला काय हुंगवता?

पण एक येतो.
पडायच्या आधी, एकच.
काजू भाजल्याचा. टरफलासकट,
फुटक्या पत्र्यावर, परसात,
आई तोंडाला पदर बांधून काटकीने ढवळतेय,
चीक चर्र करून पेट घेतोय,
बोटांची सालं निघालेली तिच्या,
आणि ओरडतेय, लांब हो रे, डोळ्यांत उडेल.

(ती गेली तेव्हा रजा मिळाली नव्हती.)

लांब व्हायला दहा सेकंद मिळतात.
तेवढ्यात खाली बसायचं,
पलंगाच्या लोखंडापासून दूर.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसला वास?
त्यांची अरबी, माझी हिंदी,
मध्ये बीरान, दोन्हीकडून मोडका.
टरफल कसं सांगणार? परस कसं सांगणार?
बीरान म्हणाला, दुखान.
मला ऐकू आलं, दुकान.
दुखान म्हणजे धूर, त्याने परतताना सांगितलं.
माझ्या कागदावर तेवढंच लिहिलंय.

गोळी सकाळी आठला, रात्री आठला.
गोळीने राग येतो.
एका बादलीवरून टेकबहादूरच्या अंगावर गेलो.
तो काही बोलला नाही. बादली ठेवली,
माझा मोबाईल घेतला आणि त्यात आठचा गजर लावला,
दोन वेळा.

वर चढायला मनाई. स्टोअरमध्ये बसवलंय.
पोरं पाना मागतात,
हात बरोबर पान्यावर जातो,
तोंडात मात्र त्याचं नाव येत नाही.
शुक्रवारी नलूचा फोन. मधेच अडतो,
साधं खिडकी म्हणायचं असतं.
हॅलो, हॅलो, म्हणतो, नेटवर्क जातंय इकडे,
शब्द सापडेपर्यंत.
ती थांबते.
मग म्हणते, आधी बरं होतं हो तिथलं नेटवर्क.

पुढल्या महिन्यात कार्ड संपतंय,
परत तपासणी, परत शिक्का.
बघू, कुठला फिट छापतात.

डोस वाढवल्याला बेचाळीस दिवस झाले.
धूर आला नाही.
बाई खूश. बीरान तर इतका खूश
की त्याने आठजणांना पुरेल एवढं पायसम केलं.
मीही खूश, दोन वाट्या घेतल्या,
गोड होतं एवढं कळलं.

पण दिवे मालवले, सगळे घोरायला लागले,
एसीचं पाणी डब्यात टपटपू लागलं
की मी हळूच उठतो
आणि नाकाने एक लांब श्वास घेतो.

खाली बसून घेतो.
पलंगापासून दूर.