जागच्या जागी

अब्बा वाघोलीच्या तबेल्यात पोचले तेव्हा
दुपारची चंदी नुकतीच वाटून झाली होती.
एकतीस वर्षं रेसकोर्सवर मोतद्दारी केलेला माणूस.
घोडा आधी नाकानं ओळखतो, मग हातानं,
डोळ्यांनी अगदी शेवटी.

"स्पेनचा आहे," मी म्हटलं. "आंदालुसियन."
त्यांनी मान हलवली, जणू घोरपडीचा म्हटलं.
पंजा गळ्याखाली सरकवून भोवरे चाचपले.
देवमण सापडला.
तो त्यांच्या हिशेबात शुभ, मुलुख कुठलाही असो.

छाती रुंद. पाठ आखूड.
मान अशी वळलेली की स्वतःचीच छाती वाचतोय.
"या आयाळीत कंगवा मोडेल," ते म्हणाले.
"दोन मोडलेत."

कागदांवर रंग काळा लिहिलाय,
समोर उभा तो पांढरा, दुधात राख पडावी तसा.
"कागद खोटे?"
"नाही अब्बा, जन्मतो काळा. मग वर्षागणिक उजळत जातो."
त्यांनी टोपी सारखी केली. बोलले नाहीत.

"पळतो किती?"
ठाऊकच होतं, हे विचारणार.
"रेसचा नाही तो. याला
जागच्या जागी पळायला शिकवलंय."
पेरीननं लगाम जरासा उचलला,
आणि तो पळाला: गुडघे उंच, खूर अलगद,
घाम येईपर्यंत, एक वीतही पुढे न जाता.
अब्बा खाली माती बघत राहिले.

तेवढ्यात लोहगावहून जेट उठलं.
पत्रे थरथरले, काठेवाडी घोडीनं
पाण्याची बादली लाथाडली.
यानं फक्त एक कान फिरवला.
"याचे पूर्वज लढाईत असायचे," मी सांगू लागले,
"माजलेल्या बैलासमोरसुद्धा..."
"आमची भीमथडी तट्टंही असायची लढाईत.
त्यांचे कागद कुणी केले नाहीत."

मग मालक आले, गॉगल कपाळावर.
रविवारी नातीचा वाढदिवस, मगरपट्ट्यातलं लॉन,
केक कापला की घोड्यानं नाचायचं.
बँडला बुजणार तर नाही ना?

अब्बांनी उत्तर दिलं नाही. वाकले,
मागचा डावा पाय मांडीवर घेतला,
अंगठ्यानं नाल हलवून बघितली.
हलली.
आठवड्यात तीनदा तपासला होता मी हा पाय,
डिग्री भिंतीवर असलेल्या मी.

"नालबंदाला आजच बोलवा," ते मालकांना म्हणाले.
"बँड सोसेल तो. खिळा सोसणार नाही."