उजवा गुडघा

सेतूबालला हिवाळ्यात काहीच धड वाळत नाही,
टॉवेल नाहीत, पट्ट्या नाहीत, माझी बोटंसुद्धा.
एकवीस वर्षं या क्लबात मी पाय चोळतो.
लोक यांना चेहऱ्यावरून ओळखतात,
मी पोटऱ्यांवरून.

वाल्देमिरो उताणा पडला होता, फोन छातीवर.
फोनमध्ये एजंटानं पाठवलेला करार:
वाळवंटातलं शहर, तीन वर्षं,
आणि एक आकडा.
शून्यं मोजताना मी मध्येच चुकलो,
पुन्हा मोजायची लाज वाटली.

"बुधवारी सेमीफायनल," तो म्हणाला,
"आणि त्यांना शनिवारपर्यंत सही हवीय, आदेरितो."
मी गप्प. अंगठा वाटीखाली सरकवला.

तिथे एक आवाज आहे.
वाळलेल्या शेंगा मुठीत दाबाव्यात, तसा.
स्कॅनमध्ये अजून उमटलेला नाही.
डॉक्टरला माहीत नाही, मॅनेजरला नाही,
माहीत आहे ते माझ्या अंगठ्याला.

पेपरात आलंच होतं: पैशापुढे झुकणार का वाल्देमिरो?
लिहिणाऱ्याला दहापट पगार
कुणी कधी देऊ केला नसावा.
मलाही नाही म्हणा.
पण मी त्याची आई पाहिली आहे, मिंदेलोहून आलेली,
हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून
नुसती बघत उभी राहिलेली.
त्यांच्या बेटावर पाऊस वाट चुकल्यासारखा येतो,
पाणी टँकरनं, पिंपात, झाकून.

आणि तरी बुधवार.
आमच्यासारख्या क्लबाच्या पत्रिकेत
असा बुधवार कितीदा असतो!
सार्डिन भाजणारी दोना फिलोमेना
दुकान बंद ठेवणार होती, नवरा गेला तेव्हाही
तिनं ते बंद ठेवलं नव्हतं.

"किती उरलंय यात?" त्यानं विचारलं,
छताकडे बघत, जणू गुडघा दुसऱ्या कुणाचा आहे.
क्लबाचं मीठ खातो मी.
म्हणायला हवं होतं, घोडा आहेस, पळ.
"दोन हंगाम," मी म्हणालो, "जपलास तर."
"करार तीन वर्षांचा आहे."
आणि आम्ही दोघं इतके हसलो
की तेलाची बाटली लवंडली.

बुधवारी तो एकशे अठरा मिनिटं खेळला.
आम्ही हरलो. ते सांगण्यासारखं नाही.
सांगण्यासारखा एक पास आहे, त्र्याऐंशीव्या मिनिटाचा:
मान न वळवता, गवताच्या अशा तुकड्यात
जिथे कुणीच नव्हतं,
आणि बॉल पोचेपर्यंत तिथे तोमे होता.
बेंचवर बसल्या बसल्या माझ्या अंगठ्यात कळ गेली.

शनिवारी त्यानं सही केली.

आता मी त्याला कॅफेतल्या टीव्हीवर बघतो.
रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, हिरवंगार गवत,
पाणी तिथे गवतालाही भरपूर.
सहा-शून्यनं पुढे असताना त्यानं तोच पास दिला,
तसाच, मान न वळवता.
कुणी पळालंच नाही.
बॉल एकटा घरंगळत गेला
थेट जाहिरातीच्या फळीपर्यंत,
आणि वाल्देमिरो त्याच्याकडे बघत राहिला
पाहुणा न आलेल्या ताटाकडे बघावं तसा.

परवा फोन आला.
आईच्या घरावर टाकी बसली, चोवीस तास पाणी,
शेजारच्या चार घरांनाही तिनं नळी दिली आहे,
त्यावरून भांडणंही सुरू झाली.
"आणि गुडघा?"
"इथे त्याला पळवतंय कोण!"

मग बराच वेळ नुसती खरखर.
माझ्या टेबलावर एकोणीस वर्षांचा नवा पोरगा होता,
वाटीखाली चिडीचूप,
रेशमाखाली संगमरवर.
"बुधवारी मॅच आहे ना तुमची?" वाल्देमिरोनं विचारलं.
आहे म्हटलं.
"किती वाजता?"

सव्वाआठ, मी सांगितलं.
सात वर्षं तो त्याच वेळेला बूट बांधत होता.