आठव्या जागेवर

ब्रदा नदीच्या काठी, बिदगोश्चमध्ये,
तिसऱ्या मजल्यावर उणे ऐंशीचं कपाट आहे.
त्याच्या दाराशी हातमोजे, पेन्सिल
आणि माझी वही: जखमांची यादी.
जखम हा माझा शब्द. प्राध्यापक कावुज्ना तो खोडतात.
'दोष' लिही, दोब्रोख्ना, म्हणतात,
नाहीतर लोक उगाच रक्त शोधत बसतील.

तर ग्वानिन. चौघांतलं सगळ्यांत हळवं.
त्याच्या आठव्या कार्बनवर एक ऑक्सिजन येऊन टेकतो,
दारावर न वाजवता,
आणि उठायचं नाव घेत नाही.
याला दोन नावं आहेत.
एका गटानं लिहिलं हायड्रॉक्सी, दुसऱ्यानं ऑक्सो.
एक हायड्रोजन इकडून तिकडे सरकतो, फरक एवढाच.
त्यावरून वर्षानुवर्षं भांडले,
परिषदांत जेवायलाही वेगळ्या टेबलांवर बसले.
आमच्या गावालाही दोन नावं होती.
त्यातलं एक उच्चारलं म्हणून माझ्या पणजोबांचा दात गेला,
आणि सहा वर्षांनी, दुसरं उच्चारलं म्हणून
समोरच्या बाईचं घर.
मी वहीत दोन्ही नावं लिहिते,
मध्ये एक तिरकी रेघ.

थायमिन ग्लायकॉल त्या मानानं सरळ.
नक्कल करणारं एन्झाइम तिथे येतं आणि अडतं,
रस्ता खचलाय हे त्याला कळतं.
ऑक्सोग्वानिन कुणाला अडवत नाही.
कूस बदलतं, थायमिनचा आव आणतं,
आणि ॲडेनिन भाबडेपणानं त्याचा हात धरतं.
नकलेची नक्कल निघते तेव्हा
सही तीच, शिक्का तोच,
मजकुरात एक अक्षर दुसरं.

मग फॅपी, कडं तुटून उघडं पडलेलं.
मग ती जागा, जिथे अक्षरच उरलेलं नाही,
नुसती साखर,
दात पडल्यावरची हिरडी.
तिच्यापाशी माझी पेन्सिल रेंगाळते.
नसण्याला कुठल्या रकान्यात घालायचं?

नमुना क्रमांक चारशे सतरा: हिएरोनिम प्येत्रुखा,
ट्राम डेपोत वेल्डर, दिवसाला वीस सिगारेटी.
बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणतो,
माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवतो.
मी सांगते, लघवीत जे येतं
ते शरीरानं उपटून बाहेर टाकलेलं असतं,
म्हणजे दुरुस्तीचा कचरा.
तो म्हणतो, ते ठीक. पण आत किती?

आत किती.
एकाच वासराचा डीएनए सहा प्रयोगशाळांना पाठवला होता.
उत्तरं आली, त्यांत शंभरपटीचा फरक.
कावुज्नाबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.
मग कळलं ते असं,
की नळीचं झाकण आम्ही उघडलं,
फेनॉल ओतलं, गरम केलं, हवा आत गेली,
आणि जे मोजायला बसलो होतो
ते आमच्याच हातून वाढत होतं.
वहीत मी शेवटी एक रकाना आखला:
कुणी केलं.
तो शब्द त्यांनी खोडला नाही.
रकाना अजून बराचसा रिकामा आहे.

काल हिएरोनिमनं माझ्या खांद्यावरून लेबल वाचलं,
ओठ हलवत, अडखळत, पूर्ण नाव,
आकडे आणि स्वल्पविरामांसकट.
एवढं लांब? म्हणाला.
रुळावर चढतो त्याला आम्ही गंज म्हणतो, झालं.
मी विचारलं, मग जुना कुठला
आणि आज सकाळी चढलेला कुठला, कसं ओळखता?
त्याला प्रश्नच सोपा वाटला.
बोट लावायचं, बाई.
ताजा असला की बोटाला लागतो.

तो गेल्यावर मी झाकण उघडलं नाही लगेच.
हातमोज्याच्या बोटांकडे बघत राहिले,
पांढरी, कोरडी,
पावडर लावलेली.