हौदु

रविवारी ग्रामसभा.
यंदा हात वर करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या,
असं पीडीओ साहेब म्हणाले,
कारण मागच्या खेपेला लुमाण्णाचा हात
दोन्ही बाजूंच्या मोजणीत आला होता.

नोटीस माझ्या गिरणीच्या दाराला डकवलीय,
खानापूरकडच्या या गावातला प्रत्येक डबा
इथूनच जातो म्हणून.
कन्नडात आहे. मला बोलता येतं, वाचता येत नाही.
शिवलीला बडिगेर ज्वारी घेऊन आली,
पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून तिनं वाचलं:

गेल्या साली केलेला,
चव्हाट्यावरची विहीर न बुजवण्याचा ठराव
रद्द करावा काय?

मी खटका पाडला. पुन्हा वाच.
पुन्हा वाचलं.
म्हणजे होय म्हटलं तर विहीर जाणार,
तिच्या जागी टाकी येणार.
विहीर हवी असेल त्यानं नको म्हणायचं.

दोन दिवस हेच दळतेय.
हसीना सनदी म्हणते, टाकी झाली तर
आमच्या गल्लीत जोरात पाणी येईल,
विहिरीचं कौतुक माझ्या गुडघ्यांना सांगा.
भरमाण्णाला विहीर राहायला पाहिजे,
त्याच्या परसात बोअर आहे.
मास्तर म्हणाले, कंत्राट कुणाला जातंय ते बघा.
बघितलं. माझ्या मावसभावाला जातंय.
परवा तो पाच किलो गहू दळून घेऊन गेला
आणि सुटे परत घेतले नाहीत.

लुमाण्णा विचारतो, आपली माणसं कुठल्या बाजूला?
इथं प्रत्येक गोष्टीचं शेवटी तेच होतं,
रस्त्याचं, बसच्या पाटीचं, अंगणवाडीच्या बाईचं.
मी म्हटलं, टाकीवर नाव कुठल्या अक्षरात लिहायचं
हा ठराव अजून आला नाही.
तो हसला नाही.
तो ठराव येणार, हे त्यालाही माहीत आहे.

चिठ्ठीवर दोनच शब्द.
वर हौदु, खाली बेड.
शिवलीलानं खडूनं दारावर काढून दाखवले.
हौदु म्हणजे होय,
पण माझ्या कानाला तिथं हौद ऐकू येतो,
विहिरीच्या कडेचा, गुरांचा, शेवाळलेला,
ज्याच्या काठावर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी
मी पहिला हंडा टेकवला.
हौद वाचवायचा तर हौदु म्हणायचं नाही!
शिवलीला हसून हसून पदरानं डोळे पुसते
आणि मग विचारते, तू काय करणार?

काय सांगू.
गाळ काढायची वर्गणी मी पन्नास दिली,
लोकांना शंभर सांगितली.
चैत्रात घागर खडकावर वाजते.
नळ आठवड्यातून दोनदा, तोही रात्री.
आणि त्या पाण्यानं डाळ शिजते तशी
नळाच्या पाण्यानं शिजत नाही, हेही खरं.
एवढं सगळं एका फुलीत कसं बसवायचं?

रविवारी हात दोनदा धुतले.
नखात पीठ राहिलं तर चिठ्ठीवर पांढरा अंगठा उठेल,
मोजणाऱ्याला कळेल, ही गिरणीवालीची.
दोन शाळांच्या मधल्या पडवीत रांग,
पेन सुतळीनं खिडकीला बांधलेलं.
पुढं लुमाण्णा. मागं वळून हळूच म्हणाला,
अक्का, विहीर पाहिजे असली तर
फुली वर मारायची की खाली?

खाली, मी म्हटलं.
बरोबर तेच सांगितलं.

मग माझी पाळी आली.