पावडी

नवा चाप घरात आला की आई आधी हुंगायची.
दुकानातल्या तेलाचा वास असला, की म्हणायची,
"यानं घूस नाही सापडत, बाप्पा.
यानं तिला निरोप जाते."

गोळीबार चौकामागं आमची गल्ली,
गल्लीत अठरा खड्डामाग,
अन् खड्ड्याखड्ड्याला खालून एक भाडेकरू.
खळीच्या वासानं यायच्या,
ताण्यातून अशा चालत जायच्या
की सकाळी बाबा तुटलेली टोकं जोडत बसत
दुपारच्या भोंग्यापर्यंत, न जेवता.

इतवारीत कुतुबभाईंच्या दुकानी
बाबा दहा चाप मांडून दोन निवडायचे.
जबडे मिटवून उजेडासमोर धरायचे:
मध्ये एका सुताची फट दिसली पाहिजे.
"पुरा मिटला तर हाड तोडते.
पाऊल आपल्याकडं राह्यते, घूस घरी जाते."
मग स्प्रिंग, अंगठ्यानं.
निमूट दबणारी नको,
दबल्यावर थरथरणारी तर नकोच.
कुतुबभाई गिऱ्हाईक सोडून वैतागायचे,
"परातेजी, घूस पकडायची की जावई?"

घरी आल्यावर काम माझं.
धुण्याच्या सोड्यात उकळायचे;
पाण्यावर तेलाचे डोळे यायचे, ते पळीनं काढायचे.
मग चार रात्री कवेलूवर, दवात,
तांबूस गंज चढेस्तोवर.
गंज पाहिजे, पापुद्रा नाही.
मग सूत रंगवायच्या त्याच घमेल्यात बाभळीची साल,
अन् सालीच्या पाण्यात चाप, रात्रभर.
सकाळी लोखंड लोखंडासारखं दिसायचं नाही,
ओल्या मातीसारखं दिसायचं.
शेवटी धोट्याला लावायचं ते मेण.

मेणानंतर हात लावायचा नाही.
एकदा मी लावला. नुसतं बोट.
बाबा ओरडले नाहीत,
सायकल काढून पुन्हा साल आणायला गेले.

चापाच्या मधल्या पत्र्याला कुतुबभाई प्लेट म्हणत.
बाबा म्हणत पावडी.
तिचा खिळा कानशीनं घासत,
वर मापं ठेवून बघत:
शंभर ग्रॅमला ऐकायची नाही,
दोनशेला पडायची.
चिचुंदरीला माफी, उंदराला माफी.

पौषातल्या एका रात्री खाली खटका वाजला,
झोपेत मला वाटलं, मागच सुरू झाला.
बाबा टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरले.
जिथं दिवसभर त्यांचे पाय असायचे
तिथं ती बसली होती, ओढ न देता,
एक पाय पुढं,
सोनाराकडं जोडवं घालून घेताना बाई बसते तशी.

काठी आईनं दिली.
मी भिंतीकडं तोंड केलं, एकदाच आवाज आला.

मग त्यांनी दोन्ही टाचांनी स्प्रिंगा दाबल्या,
मागावर दाबतात तशाच, डावी अन् उजवी,
जबडे उघडले,
अन् ते पाऊल टॉर्चपुढं धरून मला बोलावलं.
चार बोटं. पाचवं नावापुरतं. तळवा गुलाबी.
"पाय, कातडी कुठं फाटली नाही,"
हे त्यांनी त्याच आवाजात सांगितलं
ज्यात ते पेढीवर लुगड्याची किनार दाखवत.
मला काय बोलावं सुचेना.
मी म्हटलं, हो.

त्या दिवशी ते मागावर उशिरा बसले.
पाय खाली सोडताना
आधी एक अंगठा टेकवून पाहिला.

घमेल्यातलं उरलेलं पाणी आईनं फेकलं नाही.
लोखंड अन् बाभूळ मिळून ते शाईसारखं झालं होतं.
त्यात तिनं सुताच्या दोन लड्या बुडवल्या,
त्यांचा काठ विणला गेला एका नऊवारीला.
व्यापाऱ्यानं ती घेतली नाही,
म्हणे, हा काळा आमच्या यादीत नाही.

ती माझ्याकडे आहे.
धुतली की बादलीत अजून
थोडं लोखंड उतरतं.
आई असती तर हुंगून बघितलं असतं.