अकरा डबे

तुम्ही गेलात त्या दिवशी गिरणीत अकरा डबे होते.
ज्वारीचे सहा, बाजरीचे दोन,
एक कळण्याचा, एक कोणाच्या तरी डोहाळजेवणाचा,
आणि अकरावा आपलाच, गव्हाचा, कोपऱ्यात,
कारण घरचं दळण तुम्ही नेहमी शेवटी घालायचात.

दहाव्यापर्यंत कोणी मागायला आलं नाही.
बेटावद तसं सभ्य गाव आहे.
अकराव्या दिवशी निंबाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली:
"गिरनी कव्हय चालू व्हई वं माय?"
मग जीभ चावली, पदर तोंडाशी धरला.
मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली.

धोंडूभाऊजींनी नरडाण्याहून गिऱ्हाईक आणलं.
मोटरीचे इतके, दगडांचे इतके,
पत्रे भंगारात.
मी चहा केला, साखर घालायला विसरले.
तो माणूस काही न बोलता प्यायला
आणि जाताना म्हणाला, ताई, एवढ्यात नका विकू.

बांगड्यांवरून बाया तीन दिवस बोलल्या.
ठेवायच्या, काढायच्या, आता कोण मानतं.
पट्ट्याजवळ काच चालत नाही
हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.
मी त्या उधारीच्या वहीशेजारी ठेवल्या.
संध्याकाळी मोटर बंद केली की घालते.
वाटलं तर.

रज्जाकचाचा शिंदखेड्याहून एस.टी.नं आले,
टाकीची हत्यारं गोणपाटात गुंडाळून.
वरचा दगड उलथला, तेव्हा खाचांत
तुमचं शेवटचं दळण चिकटलेलं होतं,
करडं, थोडं आंबूस.
चाचांनी ब्रश माझ्या हातात दिला
आणि बिडी ओढायला बाहेर गेले.
बिडी संपली तरी आले नाहीत.

मग शिकवलं. दगड जवळ आणायचा तो
डोळ्यांनी नाही, कानांनी.
फार दाबला की ओरडतो, सैल पडला की पुटपुटतो.
आणि पीठ अंगठ्यानं बोटावर चोळून बघायचं.
ते मला येत होतं.
तीस वर्षं भाकरी थापताना
मी तुमच्याच पिठाला नावं ठेवत आले.

कानांचं निराळं.
तुमचे कान गिरणीनं खाल्ले होते,
म्हणून मी सगळं ओरडूनच बोलले.
मीठ कमी आहे का,
रत्नीचं उधन्याचं स्थळ पक्कं करायचं का,
छातीत नेमकं कुठं दुखतंय,
सगळं गल्लीला ऐकू जाईल असं.
आपल्यात कुजबुज अशी झालीच नाही.
तुम्ही गेल्यावरही आवाज खाली उतरेना.
रिकाम्या खोलीत विचारायचे, दिवा घालवू का?
भिंतीपलीकडून झिपरूअण्णांची सून म्हणायची,
घालवा काकू.

पहिला डबा निंबाबाईचा.
पट्टा दोनदा उतरला, तिसऱ्यांदा बसला.
तिनं पीठ चिमटीत धरलं, माझ्याकडे बघितलं:
"जाडं दळाई गयं. पन चाली."
आणि पैसे दिले, सुटे, मोजून.
एक रुपया सोडला असता
तर मी दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नसतं.

आखाजीच्या आठवड्यात डबे रस्त्यापर्यंत लागले.
पापडाचे उडीद, पुरणपोळीचा गहू,
प्रत्येकीला आजच, आत्ताच.
तुमची पहिली घागर भरायची होती.
डांगर आणलं, आंबे पाण्यात टाकले,
आणि घरात पोळीपुरतं पीठ नव्हतं.
अकरावा डबा अजून कोपऱ्यातच होता.
टोके पडले होते. पाखडला, निवडला,
आणि मालकीण म्हणून मध्ये घुसवला नाही.
रात्री साडेनऊला नंबर लागला.

रत्नी दुपारीच माहेरी आली होती,
पोर कडेवर घेऊन दारात उभी.
कापडी सोंडेतून पीठ पडत होतं, कोमट,
मी बोटावर चोळत होते.
ती काहीतरी म्हणाली.
मग जवळ आली, पुन्हा म्हणाली.
मी मान न वळवता ओरडले,
काय?